लाल दोऱ्याचं हॉटेल

“वहिनी, ह्यातलं तुझं हॉटेल कोणतं गं?”

वन्संनी समुद्राकडे पाठ केली, पर्स छातीशी धरली आणि समोरच्या दिव्यांच्या रांगेकडे पाहिलं. वहिनीने, म्हणजे लाँड्रीत सगळे ज्यांना मावशी म्हणत त्यांनीही, पाहिलं. एका ओळीत नऊ हॉटेलं, नऊ काचेची दारं, आणि त्यांना एकही ओळखू येईना.

वास्तविक ही नऊच्या नऊ हॉटेलं मावशींच्या हाताखालची होती. मागच्या गल्लीतल्या लाँड्रीत त्या बावीस वर्षं काम करत होत्या आणि इथल्या टेबलांवरची सगळी कापडं त्यांच्याकडेच धुवायला येत. गठ्ठ्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात त्या रंगीत दोऱ्याचा एक टाका घालत. लाल दोऱ्याचं हॉटेल, निळ्या दोऱ्याचं, पिवळ्या दोऱ्याचं. कोणाचं मागचं दार कसं करकरतं तेसुद्धा त्यांना पाठ होतं. पुढच्या रस्त्याने यायचं मात्र कधी कारणच पडलं नव्हतं. बस मागे थांबायची, लाँड्री मागे, घर त्याच्याही मागे.

पण हे वन्संना सांगणार कोण? वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी भावाला सांगितलं होतं, “मुलगी कामाची आहे, पण चार माणसांत बसायचं वळण नाही.” मावशींनी ते दाराआडून ऐकलं होतं. एकतीस वर्षं झाली, पण काही वाक्यं जुनी होत नाहीत. पुढे एकदा मावशी फोनवर सहज बोलून गेल्या, “काल बंदरावरच्या हॉटेलात लग्नाचं मोठं जेवण झालं, वन्सं. टेबलाटेबलावर फुलं होती.” लाल टाक्याच्या कापडांवरून फुलांच्या परागाचे पिवळे डाग त्यांनीच सकाळभर काढले होते. वन्संनी विचारलं, “तू गेली होतीस?” आणि मावशींच्या तोंडून ‘हो’ निघून गेलं. त्या एका ‘हो’ला पुढे दहा वर्षं खतपाणी घालावं लागलं. आता वन्सं दोन दिवसांसाठी आल्या होत्या आणि त्यांना वहिनीचं हॉटेल बघायचं होतं.

“ते बघा दीपगृह,” मावशींनी वेळ काढली. “तो घड्याळाचा मनोरा. आणि ती काचेची इमारत आहे ना, तिथे मासे बघायला मिळतात.”

“मला आता ताटातले बघायचेत,” वन्सं म्हणाल्या.

मावशी मनातल्या मनात मोजू लागल्या. लाल दोऱ्याचं हॉटेल मागच्या गल्लीतून डावीकडून तिसरं. म्हणजे इकडून उजवीकडून तिसरं. त्या चालू लागल्या आणि चालता चालता बोलत राहिल्या, कारण गप्प बसलं की माणूस पकडला जातो.

“ह्या पहिल्यात शनिवारी नाच असतो. टेबलं भिंतीला लावतात, कापडं खाली पडतात, मग बुटांचे हे एवढाले ठसे.”

“ठसे बघितलेस तू?”

“दिसतात की. आणि ह्या दुसऱ्यात मेणबत्त्यांच्या उजेडात जेवतात. गाणारी बाई असते. तिच्या ओठांचा रंग इतका पक्का की जाता जात नाही.”

वन्संनी चष्म्याच्या वरून पाहिलं. जन्मभर मुलांच्या सबबी ऐकलेली बाई ती.

तिसऱ्या दारातून दोघी आत गेल्या. वेटरने खुर्ची मागे ओढली. मावशी बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांनी कापडाचा कोपरा चाचपला. लाल टाका हाताला लागला तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

मग मात्र त्यांना फार बरं वाटलं. खिडकीत समुद्र होता, कोपऱ्यात कोणी पियानो वाजवत होतं, तळलेला मासा कुरकुरीत होता. वन्सं बाहेरच्या बोटी बघत होत्या आणि मावशी टेबलावरची घडी. गुरुवारी त्यांनीच इस्त्री केली होती. रेघ अगदी सरळ आली होती.

इतक्यात वन्संचा हात लागला. उंच दांड्याचा तो नाजूक ग्लास आडवा झाला आणि काळ्या द्राक्षांचा रस पांढऱ्या कापडावर वीतभर पसरला.

“अगं बाई,” वन्सं पुटपुटल्या. त्यांनी नॅपकिन उचलला आणि डाग घासायला लागल्या. शेजारच्या टेबलावरच्या दोन बायका वळून बघू लागल्या. वन्संचा चेहरा एवढासा झाला. “पांढरंशुभ्र होतं गं. चार माणसांत शोभा झाली माझी.”

एकतीस वर्षांचं उत्तर आयतं चालून आलं होतं. नुसतं भुवई उंचावून वेटरला हाक मारली असती तरी पुरे होतं. पण वन्सं आणखीच जोरात घासू लागल्या, आणि मावशींना ते बघवेना.

“घासू नका, वन्सं, पसरतो.” त्यांनी वन्संचा हात बाजूला केला, कोरडा नॅपकिन डागावर दाबला आणि मिठाची बाटली उघडून त्यावर पांढरा ढीग केला. “असू द्या. सोमवारी माझ्याकडेच येणार आहे हे.”

“तुझ्याकडे?”

मावशींनी कोपरा उलटून दाखवला. “हा लाल टाका माझा. इथल्या सगळ्या हॉटेलांची कापडं मी धुते. आत बसून जेवायला आज पहिल्यांदाच आले.”

वन्संनी चष्मा सावरून तो टाका बराच वेळ पाहिला.

“आणि मी शेजारणींना सांगत सुटलेय, माझी भावजय समुद्रावरच्या हॉटेलांत ऊठबस करते म्हणून.”

“करते की. मागच्या दाराने.”

वन्संना हसू फुटलं. आधी नॅपकिनआड, मग उघड उघड. “तरीच म्हटलं, नाचायला गेलेली बाई ठसे कशाला मोजत बसेल?” त्या दोन बायकांनी पुन्हा वळून पाहिलं. पाहू देत.

निघताना वन्संनी मिठावरून कापडाची कडा स्वतःच्या हाताने सरळ केली. “निघेल ना हा?”

“निघेल.”

“मला फोन कर.”

सोमवारी लाल दोऱ्याचा गठ्ठा सुटला. मधल्या एका घडीतून मिठाचे खडे जमिनीवर सांडले. ते कापड मावशींनी यंत्रात टाकलं नाही. बादलीत थंड पाणी घेऊन त्या हाताने धुवत बसल्या. तिसऱ्या पाण्याला डाग गेला.

“गेला, वन्सं,” त्यांनी दुपारी फोन केला.

“सगळा?”

मावशींनी ओलं कापड खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं आणि नीट पाहिलं.

“सगळा.”

“बरं झालं. आता त्या मेणबत्तीवाल्यांचं सांग. शनिवार कसा गेला त्यांचा?”

“थांबा, बघून सांगते,” मावशी म्हणाल्या. फोन कान आणि खांद्यात धरून त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि निळ्या दोऱ्याच्या गठ्ठ्याची गाठ सोडायला घेतली.