मधली रेघ

त्यांनी चिमट्याने शंख उचलला, भिंगाखाली धरला आणि सवयीप्रमाणे शेंड्यापासून पाहायला सुरुवात केली. वाटाण्याएवढा, मळकट पांढरा. खोल समुद्राच्या तळावरून जाळ्यातून वर आलेला.

"काय दिसतंय, सर?" विद्यार्थिनीने विचारलं. विद्यार्थिनी एकेकाळची, आता संग्रहालयाचा हा शंखांचा विभाग तीच सांभाळत होती. ते निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोनदा येऊन बसत.

"माझी परीक्षा घेतेस का?"

"तुम्ही आमच्या काय कमी घेतल्यात?"

ते हसले. शेजारच्या बशीत आणखी दोन शंख होते. तीसेक वर्षांपूर्वी या दोन्ही गोगलगायींना नव्या जाती ठरवून नावं दिली होती ती त्यांनीच. आधी सापडलेल्या लहान शंखाला आपल्या गुरुजींचं नाव, वर्षभराने आलेल्या मोठ्याला बायकोचं. मोठ्याचा शेंडा झिजून गेलेला होता. तळाचं थंड पाणी शंखातला चुना खातं.

संग्रहालय बघायला शाळकरी मुलं आली की ते सांगत : गोगलगाय आपलं लहानपण फेकून देत नाही, बरोबर घेऊन फिरते. आधी शेंडा तयार होतो, मग त्याच्याखाली वेढ्यामागून वेढा वाढत जातो. म्हणून आधी शेंडा पाहायचा, मग बाकीचं.

चिमट्यातला शंख आकाराने मधला होता. शेंडा अखंड, हुबेहूब लहान शंखासारखा. खालचे वेढे मोठ्यासारखे.

त्यांनी तो आणखी एकदा फिरवला. मग खाली ठेवला आणि चष्मा पुसत बसले, जरा जास्तच वेळ.

"एकच जात आहे," ते म्हणाले. "ते पिल्लू आणि ही वयात आलेली. एकाच लेकराला मी दोनदा नाव दिलं."

"हेच मांडलेला माझा लेख उद्या पाठवायचाय. तुम्ही म्हणालात तर थांबवते."

"थांबवून शंख बदलणार आहे का?"

"नियमाप्रमाणे आधीचं नाव राहील, सर. म्हणजे काकूंचं..."

"जाईल. नियम मीच शिकवलाय तुला."

घरी बायको मटार सोलत बसली होती. घरी कुणीही आलं, की ती सांगायची, "माझ्या नावाची गोगलगाय आहे म्हटलं! ह्यांच्याइतकीच चपळ." जिन्यात त्यांनी दोन वाक्यं जुळवली होती. समोर बसल्यावर त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"तुझी गोगलगाय गेली," ते म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे ती मधली रेघ खरी होती तर," ती म्हणाली.

"कुठली रेघ?"

"दोघींची चित्रं मीच काढली ना! लहानीच्या शेवटच्या वेढ्यावर तीन रेघा आहेत, त्यातली मधली पुसट होत जाते. मोठीचा झिजलेला भाग संपतो तिथेही तशाच तीन. हात आपोआप तसाच वळला. म्हटलं होतं मी तुम्हाला."

"कधी?"

"तेव्हाच. तुम्ही म्हणालात, झिजलंय म्हणून तसं दिसतं, तू आपलं चित्र काढ."

त्यांना आठवेना. पण वाक्य त्यांचंच होतं, अगदी आवाजासकट.

"मग पुन्हा का नाही बोललीस?"

"दुसऱ्याच दिवशी तिला माझं नाव देऊन आलात. आता कुठल्या तोंडाने सांगणार, की ही नवी नाहीच म्हणून?"

एक दाणा घरंगळत टेबलाखाली गेला. तो शोधायला ते वाकले, आणि सापडल्यावरही लगेच वर आले नाहीत. मग त्यांनी फोन घेतला.

"लेखात दोन वाक्यं घाल," ते विद्यार्थिनीला म्हणाले. "या दोन्ही एकच आहेत हे पहिल्यांदा चित्रकर्तीच्या लक्षात आलं होतं. तिने सांगितलं आणि मी ऐकलं नाही. हो, 'मी'च. माझ्या नावानिशी लिही."

"काकूंनी? बरं, नाव काय घालू त्यांचं? नेहमीचंच ना?"

"तुझं नाव विचारतेय," म्हणत त्यांनी फोन बायकोपुढे धरला.

तिने पदराला हात पुसले. घसा साफ केला. मग आपलं लग्नाआधीचं पूर्ण नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि चूक नको म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.