जितके वळ, तितके नंबर वर

पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या फडाकडेला एक पत्र्याची शेड होती आणि त्या शेडीत पुण्यातले आईबाप आपापल्या लेकरांना मारत होते.

निकाल तोंडावर आला होता. त्या काळी बारावीच्या गुणांवरच मेडिकलची यादी लागायची. अर्ध्या गुणानं सीट जायची. पेपर तर लिहून झाले. आता हातात उरलं काय? गेनबा महाराजांची छडी.

"मार्क वाढवनं माझं काम न्हाई, त्ये बोर्डाचं," महाराज सांगत. "पन यादीत तुमच्या पोराच्या डोक्यावर जी पोरं बसल्यात, ती मी खाली खेचतो. जितके वळ, तितके नंबर वर! मारायचं मातुर आईबापानंच. माया आड आली की नंबर ग्येला."

पोरांचे हात कोपरापर्यंत हळदीनं माखलेले. छडी बादलीतल्या तीर्थात बुडवायची. फटका बसला की हळदीवर लालभडक रेघ उमटे. कातडी शाबूत आणि रक्त मात्र दिसतंय! "पोराचं न्हाई, पिडेचं रगात हाय," महाराज म्हणत. मग आईबाप आणखी जोरात हाणत.

खडकीला कारखान्यात नोकरी करणारे दिगंबर मुलीला, सुहासिनीला, घेऊन रांगेत उभे होते. बायको मंदाकिनी दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातच गेली. पोरगी डॉक्टर व्हावी असं तिला वाटे. ती गेल्यावर घरात बोलायला तेवढाच विषय उरला होता.

पुढे सदाशिव पेठेतल्या सरोजिनीबाई मुलाला मारत होत्या.

"आई, पुरे ना गं!"

"यज्ञेश्वर, वर्षभर अभ्यास केलास, आता एवढं सोसवत नाही?"

पुढचा फटका मनगटावर बसला. कट्‌ असा आवाज झाला. पोरगा किंचाळून कोसळला.

"मोठा नंबर सुटला!" महाराज ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अण्णा, हाड मोडलंय त्याचं," सुहासिनी म्हणाली.

"फिजिक्स अवघड गेलं म्हणून तूच रडलीस ना? हात पुढे कर. आईसाठी."

"आईनं मला कधी चापटसुद्धा मारली नाही."

दिगंबरांनी छडी मारली. मग दुसरी. तिसरीला त्यांच्या अंगात भलतंच बळ आलं. राग पोरीवरचा नव्हताच. दवाखान्यावरचा होता, देवावरचा होता. पण हात पोरीचा होता. तिनं ओठ चावून धरले.

त्यांनी छडी पुन्हा बादलीत खुपसली, तसा महाराजांचा चेला खेकसला, "अवो, ढवळू नका! निवळी गढूळ हुईल!"

महाराजांनी त्याच्याकडे डोळे वटारले. सुहासिनीनं मान वर केली.

"काय म्हणालात? निवळी?"

"तीर्थ म्हनला त्यो."

"नाही, निवळी म्हणाले! अण्णा, चुन्याची निवळी आहे ही. हळदीला चुना लागला की लाल होते. आठवीपासून घोकतेय, दर परीक्षेत मार्क घेतलेत, आणि इथे हळद फासून मुकाट उभी आहे!"

"पीडा बोलतीया पोरीत! हाना!"

दिगंबरांचा हात वर गेला. त्याआधी तिनं बादली उचलली आणि महाराजांच्या भंडाऱ्याच्या हळदीनं पिवळ्या झालेल्या धोतरावर रिकामी केली. कमरेपासून गुडघ्यापर्यंत महाराज लाल झाले.

"बरीच पीडा होती की आपल्यात, महाराज! आणि एकही फटका न खाता निघाली."

मग त्याच छड्या घेऊन लोक महाराजांवर तुटून पडले. दात पडले, कपाळ फुटलं.

"थांबा!" सुहासिनी ओरडली. "पोलिसांत द्या त्याला. पोरांना तुम्हीच मारलंत ना?"

एकेक हात खाली आला. सरोजिनीबाई मुलाशेजारी मटकन बसल्या. दिगंबरांनी मुलीचे हात पाण्यानं धुतले. लाल रंग गेला. खालचे तीन निळे वळ गेले नाहीत. यज्ञेश्वरला उचलून त्यांनी रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला.

यादी लागली. सुहासिनीचं नाव थोडक्यात हुकलं. ती बी.एस्सी.ला गेली. दिगंबरांनी दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, दोघं जेवली, आणि जगबुडी झाली नाही.

वाचकहो, घरात हळद आहे, पानाच्या डब्यात चुना आहे. कालवून पाहा, त्याला गुरू लागत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, बादलीत काय आहे? उत्तर मिळेपर्यंत लेकरावर हात उचलू नका. यादी दर वर्षी नवी लागते. मनगट नवं मिळत नाही.