यंत्रानं ठेवलेली नावं

दौंडकडच्या एका साखर कारखान्यात हजेरीच्या वह्यांना नावं द्यायचं काम तात्याबा कारकुनाचं. ‘गव्हाण, चौऱ्याहत्तरचा हंगाम’ असं ते पुठ्ठ्यावर ठसठशीत लिहीत आणि उन्हाळ्यापर्यंत तीच वही चाले. ते निवृत्त झाले आणि हजेरीची कार्डं पुण्याला संगणकाकडे जाऊ लागली. आता वह्यांऐवजी हजेरीचे तक्ते यंत्रच उघडणार, नावंही तेच देणार. नियम तेवढा हवा होता. टाइमकीपर वजीरनं तो दिला: खात्याचं नाव आणि कार्डावरच्या तारखेतलं साल. नंतर आठवडाभर तो कॉलर ताठ करून फिरत होता. हेड टाइमकीपरची खुर्ची रिकामी होती, ती आता आपलीच असं त्यानं धरून टाकलं.

हंगामात एकशेवीस दिवस भरतील त्याला कायम करायचं, असं त्या वर्षी ठरलं होतं. एप्रिलमध्ये पुण्याहून यादी आली. तिच्यात एकही नाव नव्हतं.

रंभा दारात येऊन उभी राहिली. शिरूरकडची बाई, गव्हाणीत ऊस लोटायला होती.

“वजीरभाई, माझा एक खाडा न्हाई. मग माझं नाव कुठं गेलं?”

“मशीन हाय ते. चुकत न्हाई,” वजीर खेकसला. पण ती जाताच त्यानं कागदांचा गठ्ठा ओढला. ‘गव्हाण ७५’मध्ये रंभाचे शेहेचाळीस दिवस. खाली वेगळा तक्ता, ‘गव्हाण ७६’. त्यात एकोणनव्वद. एक जानेवारी उजाडला आणि यंत्रानं नियमाप्रमाणे नवं नाव देऊन नवा तक्ता उघडला होता, दिवसही पुन्हा एकपासून मोजले होते. गाळप मात्र दिवाळीपासून एकच चाललं होतं.

दोन्ही तक्ते घेऊन तो मॅनेजर बापूसाहेबांकडे गेला.

“म्हणजे यंत्र चुकलं?” त्यांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. ते यंत्र कुणी पाहिलं होतं?

“न्हाई साहेब. मी सांगितलं तेच त्यानं केलं. चूक माझी हाय.”

दोन्ही तक्ते जोडले, पुण्याहून नवी यादी आली. बेचाळीस माणसं कायम झाली. हेडच्या खुर्चीत पुण्याचा माणूस येऊन बसला.

रंभा पेढा घेऊन आली. “बघा वजीरभाई, तुम्ही म्हणाला तेच खरं. मशीन चुकत न्हाई. माणसाच्या हातात असतं तर माझं नाव गाळलंच असतं.”

वजीरनं पेढा तोंडात टाकला. “व्हय,” तो म्हणाला.