मटापीची गाठ

मी एक जुनी मटापी आहे, मित्रांनो. त्यातही आता अर्धीच उरले आहे. म्हणून सरळ बसा आणि मध्ये बोलू नका.

अनुआना नावाच्या कारागिराने नदीकाठच्या मुकरू या वेतासारख्या झुडपाच्या कांड्या सोलून, त्यांच्या पट्ट्यांनी मला विणले. माझा आकार माणसाएवढ्या लांब, पोकळ सापासारखा. आमच्या गावाचे अन्न म्हणजे कडू कसाव्याचा कंद, आणि त्याच्या रसात विष असते. बायका कसाव्याचा ओला कीस माझ्या पोटात ठासून भरत, मला तुळईला टांगत आणि खालच्या कडीत दांडा अडकवून त्यावर बसत. ताण पडला की मी लांबत असे, आवळत असे. विष खालच्या मडक्यात गळे आणि कोरड्या चुऱ्याची तव्यावर भाकरी होई. माझ्या पोटातून गेलेल्या अन्नाने एकही लेकरू दगावले नाही.

अनुआना वारला. त्याची बायको कोदिबियो हिने त्याची आठवण म्हणून मला आढ्याला करकचून बांधले. कोणी हात लावायचा नाही, असा तिचा दंडक. घरात दुसरी मटापी होती. खाली किसणीचा आवाज चाले, हसणे चाले, आणि मी रिकाम्या पोटी धूर गिळत असे. सारा जन्म मी कसावा आवळला. आता मायेने मलाच आवळले होते. हलायला जागा नव्हती. अंग वाळून ठिसूळ झाले.

यंदा ती दुसरी मटापी फाटली. कोदिबियोची मुलगी विवा हिचा नवरा सिबा याने नवी विणली. ती पहिल्याच ताणाला उसवली आणि कीस अंगणभर सांडला.

"जावईबापू, मटापी विणलीत की मासळीचं जाळं?" कोदिबियो म्हणाली.

"सासूबाई, शिकवायच्या आधीच सासरेबुवांनी डोळे मिटले. विचारू कुणाला?"

"आई, पोरं सकाळपासून नुसत्या शेंगा चघळताहेत," विवा म्हणाली. "बाबांची मटापी काढ ना."

"वाळलीय ती. ताणली की तुटेल."

"ताणायची नाही," सिबा हळूच म्हणाला. "उसवायची. कुठली पट्टी कुठून गेलीय, ते बघतो."

मला खाली यायचे होते, पण असे नव्हे. कोदिबियोने आढ्याची दोरी सोडली आणि मला खाली घेतले.

"आधी नदीत भिजवून आणा," ती म्हणाली. "कोरडी उसवलीत, तर माझ्याशी गाठ आहे."

पाण्याने माझे अंग सैलावले. आता सिबा माझी एक पट्टी सोडतो आणि शेजारी एक हिरवी पट्टी तशीच गुंफतो. तो चुकला की कोदिबियो गुरकावते, "खालून हो, खालून. त्यांचा हात असा वळायचा." इतकी वर्षे ती नवऱ्याचे हात पाहत होती, हे तिलाही आजच उमगले.

मित्रांनो, जुने जपा, असे तुम्हांला सगळेच सांगतात. मी आढ्यावरून सांगते: बांधून ठेवलेले वाळते. ज्याला विणायचे आहे, त्याच्या हाती द्या.

आता माझे तोंड तेवढे उरले आहे. तिथे अनुआनाने मारलेली शेवटची गाठ आहे. कोदिबियोने ती कोणाला सोडू दिली नाही. वाकून, उरल्यासुरल्या दातांनी, ती स्वतःच सोडते आहे.