ओटाकारची पाळी

२००९च्या जुलैत, एका गुरुवारी सकाळी, अर्नोश्तने न्याहारीच्या बशा बाजूला सारल्या, टेबलावर नकाशा पसरला आणि ह्राडेकच्या किल्ल्यातल्या ब्रुअरीवर बोट ठेवलं. मिलाडाने लोण्याची सुरी पुसली आणि त्याच्या बोटापुढे नकाशावर आडवी ठेवली.

"यंदा ओटाकारची पाळी आहे," ती म्हणाली.

अर्नोश्तने आधी सुरीकडे पाहिलं, मग बायकोकडे. व्लास्ता, म्हणजे त्याची बायको आणि मिलाडाची धाकटी बहीण, खिडकीशी बसून बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

व्हिसोचिनाच्या डोंगरात तळ्याकाठचं ते लाकडी घर दर उन्हाळ्यात आठवडाभरासाठी ते घेत. आधी चौघं असत. रानात अळंबी गोळा करायची, तळ्यात डुंबायचं आणि गुरुवारी बसने एखाद्या लहान ब्रुअरीत जायचं. कारखान्यातली बिअर वर्षभर पितोच, सुट्टीत तरी माणसाच्या हातची प्यावी, असं अर्नोश्त म्हणायचा. कुठे जायचं ते एका वर्षी तो ठरवी, पुढच्या वर्षी मिलाडाचा नवरा ओटाकार. बायकांना कुणी विचारलं नव्हतं आणि आमच्या पिढीच्या बायकांनी विचारायला लावलंही नव्हतं. २००७च्या हिवाळ्याच्या तोंडाशी ओटाकार गेला. त्याच्या पुढच्या वर्षीची पाळी अर्नोश्तचीच होती, म्हणून प्रश्न आला नाही. तो आज आला.

"ओटाकारची पाळी ओटाकारबरोबर गेली, मेव्हणीबाई," अर्नोश्त म्हणाला. "पाळी काही वारसाहक्काने येत नसते."

"त्याचं पेन्शन मला येतं. त्याचं गुडघ्याचं मलम मला आलं. गळकं छप्परही मलाच आलं. मग पाळीच तेवढी तो वर घेऊन गेला होय?"

व्लास्ता बटाट्यांकडे बघून हसली. अर्नोश्तने विचारलं, बरं, जायचं तरी कुठे.

"बुकोवला."

अर्नोश्तने नकाशाची घडी घालायला सुरुवात केली. बुकोवचा रस्ता खणून ठेवलाय, तो म्हणाला. तिथे खायला काही मिळत नाही. बिअर आंबट असते असं त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं. कुणाकडून ते आठवेना. एकेक कारण तो नकाशाच्या घडीत घालत होता, आणि शेवटी जे बोलायला नको तेही बोलून गेला. ब्रुअरी निवडणं हे काही पडद्याचं कापड निवडणं नव्हे.

मिलाडाचे कान लाल झाले. ती ओरडली नाही. ओरडणं तिला जमलं असतं तर पुष्कळ गोष्टी आधीच मिटल्या असत्या. तिने एवढंच सांगितलं, की इतकी वर्षं या दोन बाप्यांनी निवडलेल्या गळक्या तळघरांत, लाकडी बाकांवर, पाठ मोडेस्तोवर ती बसली. तेव्हा कोणी पडद्यांचा विषय काढला नव्हता. तू नको येऊस, मी एकटी जाते.

"संध्याकाळी डम्पलिंग हवी असतील तर तिला घेऊन जा," व्लास्ता नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर पीठ तिथे आहे, मळायला घे."

अशी ती पाळी मिळाली.

बुकोवच का, हे मिलाडाने कुणाला सांगितलं नव्हतं. वसंतात ती केशकर्तनालयात डोक्याला रंग लावून बसली असताना तिच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रात एक फोटो होता. तांब्याच्या चकचकीत भांड्यापुढे एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा उभा होता. शिक्षकी सोडून मुलाबरोबर ब्रुअरी काढणारे लुबोर झेद्निक, असं खाली लिहिलं होतं. हातातल्या बाटलीच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत बिअरचं नाव होतं: सचोटी.

१९७०मध्ये हा झेद्निक ओटाकारच्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायला नवा लागला होता. त्या वर्षी प्रत्येक शिक्षकाला समितीपुढे बोलावून विचारत होते, की दोन वर्षांपूर्वी सीमा ओलांडून परके रणगाडे देशात आले ते मदतीला की आणखी कशाला. ओटाकार भूगोल शिकवायचा. शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी उभं राहून तो एकदा म्हणाला होता, की सीमेबाहेरून आत येणाऱ्या बाणाला नकाशावर एकच नाव असतं. त्या वेळी खोलीत दुसरा एकच माणूस होता. पंधरवड्याने समितीने ते वाक्य ओटाकारला जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्याची शिक्षकी गेली, आणि १९८९मध्ये ते सरकार कोसळेपर्यंत ओटाकारने धुलाईकेंद्रात बॉयलरमध्ये कोळसा घातला. त्याचा रुमाल कधी पांढरा राहिला नाही. तो कुरकुरला नाही. कुरकुर, चीड, रात्री छताकडे बघत पडणं, हे सगळं मिलाडाने केलं.

सचोटी. त्या शब्दाने ती मार्चपासून जळत होती. चोराने कुलपांचं दुकान टाकावं आणि वर देवाचा फोटो लावावा, तसं.

तिचा बेत साधा होता. आमच्याकडे बिअर अर्धी टाकून कोणी उठत नाही. माणूस आजारी असला तरी संपवून मग आजारी पडतो. ग्लास रिकामा झाला की न सांगता दुसरा येतो. नको असेल तर खालची पुठ्ठ्याची चकती उचलून ग्लासावर ठेवायची, म्हणजे पुरे. भरल्या ग्लासावर चकती ठेवणं मात्र यजमानाच्या तोंडावर थुंकण्यासारखंच. मिलाडा एक घोट घेणार होती, चकती ठेवणार होती आणि झेद्निक विचारायला आला की आपलं नाव सांगणार होती. पुढचं तिने ठरवलं नव्हतं. एवढ्याने काहीतरी फिटेल असं तिला वाटत होतं.

बुकोवचा रस्ता कुठेही खणलेला नव्हता. ब्रुअरी जुन्या धान्यकोठारात होती. अंगणात अक्रोडाखाली टेबलं मांडली होती आणि शेजारच्या टेबलावर लोणच्यात मुरलेली सॉसेजं, कांदा आणि पाव होता. म्हणजे खायलाही मिळत होतं. मिलाडाने अर्नोश्तकडे पाहिलं. तो अक्रोडाकडे बघत होता.

तिघं बसली, चौथी खुर्ची तशीच राहिली. झेद्निकच्या मुलाने न विचारता बारा डिग्रीच्या, जरा कडक बिअरचे तीन ग्लास आणून ठेवले, हिशेबाच्या चिठ्ठीवर तीन रेघा मारल्या आणि गेला. फेस बोटभर जाड आणि सायीसारखा होता.

मिलाडाने ग्लास उचलायच्या आत अर्नोश्तने आपल्या ग्लासाखालची चकती काढली आणि भरल्या ग्लासावर ठेवली. ओठही लावला नव्हता. मग हाताची घडी घालून बसला.

"हे काय रे?" व्लास्ताने विचारलं.

"पोट बरं नाही."

मिलाडाला इतका संताप आला, की क्षणभर ती झेद्निकला विसरली. तिच्या पाळीचा सूड घ्यायला हा माणूस रुसून बसला होता आणि वर तिचाच बेत त्याने चोरला होता. आता तिने चकती ठेवली असती तर दोन म्हाताऱ्यांची पोटं बिघडली, एवढाच अर्थ झाला असता. तिने ठरलेला एक घोट घेतला.

कोठाराच्या दारात झेद्निक उभा राहून दोन प्रवाशांना सांगत होता, की आपण जवाच्या माल्टमध्ये भेसळ करत नाही, घाई करत नाही. बिअरला खोटं सहन होत नाही, तिला लगेच कळतं. मिलाडा ते ऐकत होती आणि मनात वाक्य जुळवत होती. बिअरला कळतं, झेद्निक, पण समितीला कळलं नाही. नाही, हे फार लांबलं. समितीपुढे उभे होतात तेव्हा तुमचं माल्ट कुठे होतं. हेही नको. ती वाक्य मोडत होती, पुन्हा बांधत होती, आणि बांधता बांधता खाली पाहिलं तर ग्लास रिकामा होता. आतल्या काचेवर फेसाची वलयं एकाखाली एक शाबूत होती, चांगल्या बिअरची राहतात तशी.

बिअर उत्तम होती. इतकी चांगली तिने कित्येक वर्षांत प्यायली नव्हती. हा मात्र सरळसरळ अन्याय होता. आंबट असती तर देव आहे म्हणता आलं असतं.

आणि चकती ठेवायची राहून गेल्यामुळे दुसरा ग्लास येतच होता. या वेळी तो स्वतः झेद्निकने आणला. त्याने ग्लास तिच्यापुढे ठेवला, रेघ मारली आणि मग त्याची नजर अर्नोश्तच्या झाकलेल्या ग्लासावर थांबली. ब्रुअरीवाला बाकी सगळं विसरतो, भरला ग्लास ठेवून जाणारा माणूस विसरत नाही.

"तुम्हीच ते," तो अर्नोश्तला म्हणाला. "दोन वर्षांपूर्वीही असाच ठेवला होतात. तुमच्याबरोबरच्यांनी मात्र दोन घेतले."

व्लास्ताने नवऱ्याकडे पाहिलं आणि ज्या तऱ्हेने त्याने डोळे चुकवले त्यावरून तिला कळलं. मिलाडाला तिच्या आधीच कळलं होतं.

"ते नाही आले?" झेद्निकने विचारलं.

"ते वारले," मिलाडा म्हणाली.

झेद्निकच्या हातातली पेन्सिल हातातच राहिली.

"बेरान सर वारले?"

ओटाकारचं आडनाव कुणी सांगितलं नव्हतं. मग झेद्निक आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक ग्लास होता, काळजीपूर्वक, तीनदा फेस बसू देऊन भरलेला. तो त्याने रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि चिठ्ठीवर रेघ मारली नाही.

इतक्या वर्षांची वाक्यं मिलाडाच्या तोंडाशी आली होती. ती उठली. त्या ग्लासाखालची चकती तिने काढली, ग्लासावर ठेवली आणि तळव्याने दाबून बसवली, बरणीचं झाकण बसवतात तशी.

"त्याच्या नावाने ओतायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही नाही."

झेद्निक तिथेच उभा राहिला. टेबलावर दोन भरलेले ग्लास झाकलेले होते, एक भरलेला उघडा होता, व्लास्ताचा अर्धा झाला होता आणि मिलाडाचा पहिला रिकामा. तो रिकाम्या ग्लासाकडे, त्यातल्या वलयांकडे बघत होता. मिलाडाला ते दिसलं, आणि तो ग्लास कुठेतरी लपवता आला असता तर तिने लपवला असता.

बसथांब्यावर तिघं बाकावर बसली. व्लास्ता मुद्दाम मध्ये बसली.

"कधी गेला होतात?" मिलाडाने समोर बघत विचारलं.

"तो गेला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. अळंबीला जातो म्हणून सकाळी निघालो होतो ना, तेव्हा."

"अळंबी आणली होती तुम्ही. टोपलीभर."

"येताना बाजारात घेतली."

मिलाडाने ती अळंबी निवडली होती, दोऱ्यात ओवून वाळवली होती. अर्नोश्तलासुद्धा देठ नीट कापता यायला लागला म्हणून तिने दोघांचं कौतुकही केलं होतं. नाताळच्या सूपमध्ये तीच अळंबी घातली होती. तोवर ओटाकार उरला नव्हता.

"आणि तू मला सकाळी पडद्याचं कापड ऐकवतोस."

"दुसरं काही सुचलं नाही," अर्नोश्त म्हणाला. "ओटाकारने शपथ घातली होती. मला नाही जमलं तिथे प्यायला. त्याला जमलं. त्याने काही विचारलं नाही, त्या माणसाने काही सांगितलं नाही. दोन प्यायला. चांगली आहे म्हणाला. मग बसमध्ये म्हणाला, मिलाला कळू देऊ नकोस. माझ्या वाटचा रागही इतकी वर्षं तीच वाहतेय. तिला वाटेल, मी तिला एकटीला टाकलं."

"टाकलंच," मिलाडा म्हणाली.

बस आली. तिने अर्नोश्तला आपला हात धरू दिला नाही, एकटीच चढली.

त्या रात्री व्लास्ताने डम्पलिंग केली आणि कुणी फारशी खाल्ली नाहीत. पुढच्या वर्षापासून पाळ्या तिघांत फिरू लागल्या. व्लास्ता आपल्या पाळीला नेहमी बसथांब्याजवळची ब्रुअरी निवडायची.

अर्नोश्त २०१३मध्ये गेला. शेवटच्या दुखण्यात मिलाडा रोज त्याच्याजवळ बसायची, त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, आणि अळंबीचा मोसम आला की बाजारभाव मुद्दाम मोठ्याने वाचायची. व्लास्ता ब्रनोला मुलीकडे राहायला गेली. तिला आता माणसं ओळखू येत नाहीत, पण बटाटे अजून एका सालीत सोलते. झेद्निकला अर्धांगाचा झटका आला आणि ब्रुअरी मुलाकडे गेली. बाटलीच्या चिठ्ठीवरचा शब्द मुलाने बदललेला नाही. तळ्याकाठच्या त्या घरात आता दुसरी कुटुंबं येतात.

मिलाडा आहे. तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाला व्लास्ताच्या मुलीने, काही ठाऊक नसताना, दुकानातून चांगली म्हणून एक बाटली आणली: सचोटी. मिलाडाने आभार मानले आणि बाटली तळघरात काकडीच्या बरण्यांशेजारी उभी केली. अशी बिअर दोन महिन्यांवर टिकत नाही. ती केव्हाच उतरून गेली असणार आणि हे तिला इतर कुणाहून चांगलं कळतं. बरण्या पुसताना ती बाटलीही पुसते. ओतून टाकत नाही, आणि उघडतही नाही.