चावत नाही ना?

डावा

बूटवाल्याच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. स्वतःच्या पायाचा नंबर ठाऊक असलेली, आणि बाकीची गाढवं. त्याच्या मोडक्या घोट्यात पट्टी नि स्क्रू बसवणारी डॉक्टरीणबाई गाढवांत जमा होती. स्वतःच्या पायात टाचा झिजलेल्या सपाता, आणि निघाली पायावर व्याख्यान द्यायला.

व्याख्यान असं: साखरेनं पायाची जाणीव गेलीय, हाड जुळायला फार वेळ लागेल, जखम चिघळू शकते. तीन महिने पाय टेकायचा नाही. रोज नीट बघायचा. आणि दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं समजायचं नाही.

हे शेवटचं ऐकून त्यानं बायकोकडे बघत डोळा मारला. उभा जन्म तो गिऱ्हाइकाला एकच विचारत आला होता, चावत नाही ना? नाही म्हटलं की खोका बांधायचा. विषय संपला.

उजवा

त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची दोन बोटं साखरेपायी गेली होती. एक पाय सुजलेला, म्हणून एक बूट आठ नंबरचा आणि एक दहाचा द्या म्हणत तो दुकानात आला होता.

"जोडी फोडायला हे काय भंगाराचं दुकान आहे? वेळेवर जीभ आवरायची होती, दाजी."

चारचौघांत. गिऱ्हाइकं हसली होती.

डावा

महिना सरायच्या आत तो दुकानात उभा. दवाखान्यानं दिलेला पट्ट्यांचा बूट काढून फेकला, हे खोगीर घालून का कुणी धंदा करतं? घोट्याच्या वरपर्यंत येणारा नवा चामडी बूट त्यानं करकचून बांधला. बायको पाय दाखवा म्हणाली, तर तिला कधीपासून कारागिरी यायला लागली, असं विचारून मोकळा झाला.

खिळा वर आलाय का बघायला प्रत्येक नव्या बुटात तो हात फिरवायचा. त्याशिवाय बूट विकत नसे. आपल्या पायावरून हात फिरवायचं मात्र नाव नाही.

मोजा ओला लागला तो बायकोला. धुवायला उचलला तेव्हा. जखम उसवली होती आणि तीत स्क्रूचं डोकं चमकत होतं.

"दुखत तर नाही," तो म्हणाला. अजूनही तोऱ्यात.

डॉक्टरीणबाईनं स्क्रू काढले, कुजलेलं हाड खरवडलं, पुन्हा खरवडलं. शेवटी पाय गुडघ्याखालून कापला.

उजवा

बायकोनं दुकानातून खोका आणला. आत एकच बूट.

"जोडी फोडलीस?"

"मग डावा काय पुजायला ठेवू?"

तिनं खाली बसून त्याच्या पायात बूट चढवला, लेस बांधली आणि दुकानातल्या त्याच्याच सुरात विचारलं, "चावत नाही ना?"

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण बूट काढ म्हणाला. मग मांडीवर घेऊन, आत हात घालून, टाचेपासून टोकापर्यंत चाचपत बसला.