जॉर्डनचं पाणी

गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका पिरोही, म्हणजे सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळत बसल्या होत्या, तेव्हा वेंडेल टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या काचा घेऊन खाली आला. पिट्सबर्गहून आलेला, रंगीत काचांच्या खिडक्या दुरुस्त करणारा हा माणूस एरवी तोंडातून शब्द काढायचा नाही. आज मात्र स्वारी खुशीत होती.

"बघा, जमलं एकदाचं!"

हिवाळ्यात छपरावरचा बर्फ कोसळला आणि येशूच्या बाप्तिस्म्याच्या खिडकीतल्या जॉर्डन नदीच्या चार काचांपैकी तीन फुटल्या. नदी बिनरंगी काचेची, तिच्यावर साबुदाण्यासारखे दाणे. वाचलेल्या चौथ्या काचेचा वेंडेलने प्लास्टरमध्ये ठसा घेतला, त्यावर साधी काच ठेवून भट्टीत मऊ केली आणि तसेच दाणे उठवले. पहिल्या खेपेला ते टोचण्याइतके टोकदार आले, नंतर अगदीच पुसट. आता जुनी कुठली नि नवी कुठली, ओळखू येत नव्हतं.

"जुन्या कारागिराचा हात आहे हा," वेंडेल म्हणाला. "असे दाणे आता मिळत नाहीत. आमच्या कारागिरांच्या सभेत मी यावर भाषण देणार आहे."

"लुडमिला, बघ की गं," व्हेरोनाने शेजारणीला कोपराने ढोसलं. "तुझ्याच बाकाच्या वरची नदी. का पिठातच डोळे घालून बसणारेस?"

लुडमिला ह्रीन्कोने मान वर केली नाही. हे दाणे तिला पाठ होते. नवी नवरी असताना टबात बसून तिने ते रोज पाहिले होते.

चर्चची सगळी देखभाल तिचा नवरा ओन्द्रेय फुकट करायचा. एका ईस्टरच्या साफसफाईत त्याची शिडी घसरली आणि नदीच्या चारही काचा गेल्या. चुकलो, हा शब्द त्या माणसाच्या तोंडात कधी बसलाच नाही. त्याने घरी येऊन बाथरूमचं तावदान काढलं, कापलं आणि रविवारच्या आत खिडकीत बसवलं. घर चर्चइतकंच जुनं, त्यामुळे काचही जुनीच दिसली. बाथरूमला फळी ठोकली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. तो गेला तेव्हा पाद्रींनी व्यासपीठावरून सांगितलं की ओन्द्रेयने या वास्तूला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. तेव्हा लुडमिलाला जमीन दुभंगावी असं झालं होतं. त्या खिडकीखाली ती कायम मान खाली घालून बसायची, आणि लोक तिला फार भाविक समजायचे. काम सुरू करताना वेंडेलने सगळ्यांना विचारलं होतं, ही खिडकी आधी कधी दुरुस्त केली होती का? तेव्हाही ती कोटाच्या गुंड्यांशी चाळा करत गप्प राहिली.

आता ती हातही न धुता त्याच्या मागोमाग वर गेली.

"वेंडेल, ते आमच्या बाथरूमचं तावदान आहे."

तो हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला. तिने सगळं सांगून टाकलं. वेंडेल मानेपर्यंत लाल झाला आणि मटकन बाकावर बसला.

"म्हणजे मी एवढे दिवस बाथरूमची काच घडवत होतो," तो म्हणाला. "मिसेस ह्रीन्को, तेव्हाच बोलला असतात तर!"

"मेलेल्या नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडू?"

वेंडेल म्हणाला, "बरं, आधीचं पाणी कसं होतं? फोटोत काही कळत नाही. तुम्ही तर इथेच वाढलात. लाटा होत्या? धारा होत्या? सांगा, मी तसं करतो. अजून वेळ गेलेली नाही."

लुडमिलाने डोळे मिटले. तिचा बाप्तिस्मा इथलाच, लग्नही इथलंच. लहानपणी कंटाळा आला की ती याच खिडकीकडे टक लावून बसायची. तिला कबुतर आठवलं, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाची वाकडी काठी आठवली, येशूच्या पायाचा अंगठासुद्धा आठवला. अंगठ्याखाली मात्र नुसते दाणे. तिने पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. दाणेच.

"नाही रे आठवत," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. नवऱ्याची लाज इतकी वर्षं तिने निमूट वाहिली होती. ही मात्र तिची स्वतःची होती.

वेंडेलने खिडकीतल्या भोकांकडे पाहिलं. मग त्याने टॉवेलाची गुंडाळी सोडून दाण्यांची एक काच बाहेर काढली.

"जरा धरता?" तिच्याकडे न बघता तो म्हणाला.

पिठाच्या हातांनी लुडमिलाने काच जागेवर धरली, आणि तो काचेच्या कडेने शिशाची पट्टी दाबू लागला.